सावधगिरीला तारीख असते

आठवीच्या विज्ञानात 'अणूचे अंतरंग' हा पाठ आम्ही दरवर्षी शिकवतो. केंद्रक, प्रोटॉन, न्यूट्रॉन, समस्थानिके, त्यांचे उपयोग आणि शेवटी स्वाध्याय. चार तासिकांत पाठ संपतो. या वर्षीही तो संपतच आला होता. फळ्यावर 'आयोडीन-१३१' लिहिले, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, हे औषध माझ्या अम्मीला दिलंय. आता मला तिच्याजवळ झोपायला कधी चालेल?"

वर्ग शांत झाला. आम्ही "उद्या सांगतो" म्हणालो आणि घंटा होईपर्यंत पुढचे दोन मुद्दे कसेबसे उरकले. वीस वर्षांत अर्धायुष्याची व्याख्या आम्ही शेकडो मुलांकडून पाठ करून घेतली आहे. एका गुणाचा प्रश्न म्हणून ती सगळ्यांना येते. पण आमच्याच ईट गावातल्या एखाद्या घरात त्या व्याख्येची कुणी वाट पाहत असेल, हे आमच्या कधी मनात आले नव्हते.

संध्याकाळी त्या घरी गेलो. मुलीच्या अम्मीच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत कर्करोग निघाला होता. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, ग्रंथी काढली, आणि नंतर किरणोत्सारी आयोडीनची मात्रा दिली. काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवून घरी पाठवले. त्याला आता ऐंशी दिवस झाले होते. तरीही त्या बाईंची खाट मागच्या खोलीत होती. ताट, तांब्या, पेला सगळे वेगळे. धाकटा मुलगा दारापर्यंत यायचा आणि कुणीतरी त्याला मागे ओढायचे. आम्ही विचारले तेव्हा दादी म्हणाल्या, "मास्तर, उसकू हात नको लगाओ बोले डॉक्टर. उसके अंग में किरण की दवा है."

दादींचा स्वभाव वाईट नाही. सुनेच्या आजारपणात रात्र रात्र जागलेल्या त्या बाई आहेत. डॉक्टरांनी सांगितलेले त्यांनी इमानाने पाळले होते. फक्त ते कधीपर्यंत पाळायचे, हे कुणी त्यांना समजेल असे सांगितले नव्हते, किंवा सांगितलेले प्रवासाच्या गडबडीत हरवले होते. आम्ही घरी येऊन पुस्तके काढली. त्या आठवड्यात जे वाचले आणि जे समजले, ते या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवतो आहोत. कारण असे घर एकटे ईटमध्येच असेल असे नाही.

मोहल्ल्यातील गर्दी

अणूच्या मध्यभागी केंद्रक असते. त्यात धनभार असलेले प्रोटॉन आणि भार नसलेले न्यूट्रॉन दाटीने बसलेले असतात. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून प्रोटॉनांचे आपसात पटत नाही. तरी केंद्रक फुटत नाही, कारण त्यांना धरून ठेवणारे दुसरे एक बल आहे, केंद्रकीय बल. ते फार जोरदार आहे, पण त्याचा हात आखूड आहे. अगदी शेजारी बसलेल्या कणापर्यंतच तो पोहोचतो.

एखाद्या मोहल्ल्याची कल्पना करा. शेजाऱ्याने शेजाऱ्याचा हात घट्ट धरला आहे, पण भांडणाचा आवाज मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. मोहल्ला लहान असेल तर हातांची पकड आवाजाला पुरून उरते. घरे वाढत गेली की पकड तेवढीच राहते आणि आवाज वाढत जातो. मग मध्ये शांत माणसे जास्त लागतात. न्यूट्रॉन ही ती शांत माणसे. म्हणून मोठ्या केंद्रकात प्रोटॉनांपेक्षा न्यूट्रॉन जास्त असतात.

पण यालाही हद्द आहे. ८२ प्रोटॉनांचे शिसे हे कायम टिकणारे शेवटचे मूलद्रव्य. त्यापुढचे ८३ क्रमांकाचे बिस्मथही टिकाऊच आहे, असे पुस्तके सांगत आली होती. २००३ मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की तेही तुटते. फक्त इतके सावकाश, की निम्मे तुटायला १९ वर अठरा शून्ये एवढी वर्षे लागतात. विश्वाचे वयच सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. पोटाच्या काही औषधांत बिस्मथ असते आणि आपण ते निर्धास्त घेतो. 'किरणोत्सारी' हा शब्द ऐकून दचकण्यापूर्वी 'किती' आणि 'किती वेळ' हे दोन प्रश्न विचारावे लागतात, ते यासाठीच.

अस्वस्थ केंद्रक आपला भार तीन मुख्य मार्गांनी हलका करते. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा एक गठ्ठा बाहेर फेकते, तो अल्फा कण. किंवा आतल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तो बीटा कण. आणि उरलेली ऊर्जा किरणांच्या रूपाने सोडते, ते गॅमा किरण.

किल्लारीच्या भेगेतील वायू

अल्फा कण म्हणजे काय, हे समजायला आपल्याला मुंबईच्या प्रयोगशाळेत जायची गरज नाही. त्याचा पुरावा आपल्याच मातीतून वर आला होता.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीला आठवते. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. पहाटे चारच्या सुमारास आम्ही खाटेवरून उठून अंगणात आलो. भांडी वाजत होती, गुरे दावणीला हिसके देत होती. ईट किल्लारीपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर, म्हणून आम्ही वाचलो. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे कित्येक महिने गावात बोलले जाई की जमिनीखाली ज्वालामुखी आहे, विषारी वायू निघणार आहे.

ज्वालामुखी नव्हता. पण वायू निघत होता, हे खरे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी भूकंपाने जमिनीला पडलेल्या भेगेवरील मातीतील वायू तपासला. त्यात हेलियमचे प्रमाण नेहमीपेक्षा खूपच जास्त निघाले. १९९४ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांनी ते प्रसिद्ध केले.

हेलियम विषारी नाही. तो कशाशीही संयोग पावत नाही, जळत नाही. पण तो तिथे आला कुठून? किल्लारीत नंतर खोल विंधन घेतले, तेव्हा सुमारे ३४० मीटर काळ्या पाषाणाखाली अब्जावधी वर्षे जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. अशा खडकात युरेनियम आणि थोरियम अत्यल्प प्रमाणात असतातच. युरेनियम-२३८ चे केंद्रक तुटत तुटत शिशापर्यंत जाते. त्या वाटेवर ते आठ अल्फा कण फेकते. थोरियम-२३२ सहा फेकते. बाहेर पडलेला अल्फा कण खडकातच थांबतो, आजूबाजूचे दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि हेलियमचा अणू होतो. तो खडकाच्या बारीक कणांत अडकून राहतो. भूकंपाने खडक चिरडला, वाट मोकळी झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या कोंडलेला हेलियम वर आला.

अल्फा कण म्हणजेच हेलियमचे केंद्रक, हे रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी १९०८-०९ च्या सुमारास मँचेस्टरमध्ये सिद्ध केले होते. काचेच्या फार पातळ भिंतीच्या नळीत त्यांनी रेडॉन कोंडला. अल्फा कण भिंतीतून पार झाले आणि बाहेरच्या रिकाम्या नळीत काही दिवसांनी हेलियम सापडला.

आपल्यातील कित्येकांची मुले कतारला नोकरीला आहेत. तिथे नैसर्गिक वायूतून हेलियम वेगळा काढतात आणि जगभर पाठवतात. मोठ्या इस्पितळातील एमआरआय यंत्राचे चुंबक त्या द्रवरूप हेलियमनेच थंड ठेवतात. पृथ्वीच्या पोटातून मिळणारा असा जवळजवळ सगळा हेलियम म्हणजे कधीकाळी एखाद्या केंद्रकातून उडालेले अल्फा कण आहेत. जी गोष्ट आपण फक्त अणुबॉम्बशी जोडतो, ती रोज आपल्या पायाखाली चालू आहे आणि तिचेच फळ रुग्णाच्या कामी येते.

क्षणभर जगणारे पाहुणे

आता दुसऱ्या टोकाकडे जाऊ. युरेनियम ९२ प्रोटॉनांचे. निसर्गात भरपूर सापडणाऱ्या मूलद्रव्यांची यादी तिथे संपते. त्यापुढची मूलद्रव्ये माणसाने प्रयोगशाळेत घडवली. आज ती यादी ११८ पर्यंत पोहोचली आहे. १०४ पासून पुढच्यांना अतिजड मूलद्रव्ये म्हणतात.

ती घडवण्याचे गणित आमच्या आठवीच्या मुलांनाही जमते. जस्ताचा अणुअंक ३०, बिस्मथचा ८३. दोन्ही केंद्रके जुळली तर ३० अधिक ८३ म्हणजे ११३. जपानच्या रिकेन संस्थेत कोसुके मोरिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. जस्ताची केंद्रके प्रचंड वेगाने बिस्मथच्या पातळ थरावर सोडली. बहुतेक केंद्रके नुसती पार निघून जातात, काही आदळून फुटतात. जुळणे हे फार दुर्मीळ. पहिला अणू मिळाला २३ जुलै २००४ रोजी. दुसरा २ एप्रिल २००५ रोजी. तिसऱ्यासाठी १२ ऑगस्ट २०१२ उजाडावा लागला. नऊ वर्षांच्या खटपटीत तीन अणू! याला सब्र म्हणायचे नाही तर काय? २०१६ मध्ये त्या मूलद्रव्याला 'निहोनियम' हे नाव मिळाले. निहोन म्हणजे जपान.

रशियातील दुबना येथे कॅल्शियमची (अणुअंक २०) केंद्रके कॅलिफोर्नियमवर (९८) सोडून ११८ क्रमांकाचे मूलद्रव्य घडवले. पहिला अणू २००२ मध्ये दिसला, आणि अमेरिकी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये ते जाहीर झाले. युरी ओगानेसियन या शास्त्रज्ञांच्या नावावरून त्याला ओगानेसॉन म्हणतात. त्याचे अर्धायुष्य सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. आजवर असे मोजकेच अणू तयार झाले.

मग प्रश्न पडतो की एकच अणू, तोही डोळ्याचे पाते लवायच्या आत जाणारा, ओळखायचा कसा? उत्तर आहे, त्याच्या जाण्यावरून. नवा अणू सिलिकॉनच्या एका पातळ तबकडीत येऊन रुततो. थोड्या वेळाने त्याच जागेवरून एक अल्फा कण सुटतो. मग आणखी एक, मग आणखी. प्रत्येक अल्फा कणाबरोबर दोन प्रोटॉन कमी होतात. ११८ चे ११६, मग ११४, मग ११२. तिथे केंद्रक सरळ दुभंगते. प्रत्येक कणाची ऊर्जा आणि दोन कणांमधला वेळ यांची नोंद होते. पावलांच्या ठशांवरून वाटसरू ओळखावा तसे. निहोनियमच्या तिसऱ्या अणूने सहा पावले टाकली, ११३ पासून १०१ पर्यंत, आणि ती शेवटची पावले आधीपासून ओळखीची होती. म्हणून शंका उरली नाही.

यात एक गोष्ट आम्हाला सर्वांत नवलाची वाटली. ओगानेसॉनच्या अल्फा कणाची ऊर्जा युरेनियमच्या अल्फा कणाच्या तिपटीलाही पोहोचत नाही. पण युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षे आणि ओगानेसॉनचे सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी! आयुष्यातील हा फरक एकावर वीस शून्ये, याहूनही मोठा आहे. ऊर्जा थोडी वाढली की आयुष्य भराभर घटते, हे गायगर आणि नटाल यांनी १९११ मध्येच टिपले होते. कारण सापडले १९२८ मध्ये, जॉर्ज गॅमो यांना आणि त्याच सुमारास गर्नी व काँडन यांना. अल्फा कणाभोवती एक अदृश्य भिंत असते. ती ओलांडण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे नसते. तरीही अणूच्या जगात त्या भिंतीतून आरपार निघून जाण्याची थोडीशी शक्यता असते. कणाची ऊर्जा जास्त तर भिंत पातळ, आणि भिंत जरा पातळ झाली की शक्यता कितीतरी पटींनी वाढते.

अतिजड मूलद्रव्यांच्या या पसाऱ्यात शास्त्रज्ञ एका 'स्थिरतेच्या बेटा'च्या शोधात आहेत. सुमारे ११४ प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉन असलेली केंद्रके इतरांपेक्षा जास्त टिकतील, असे अनुमान १९६० च्या दशकापासून आहे. इतके न्यूट्रॉन एकत्र बसवणे अजून जमलेले नाही. पण जसजसे न्यूट्रॉन वाढतात तसतसे आयुष्य वाढताना दिसते. ११४ क्रमांकाच्या फ्लेरोवियमचे एक समस्थानिक दोन सेकंदांच्या आसपास टिकते, १०५ क्रमांकाच्या डब्नियमचे एक तर अर्ध्या दिवसाहून अधिक. आपल्या मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्रासह उभारलेला पेलेट्रॉन हा त्वरक १९८८ च्या अखेरीपासून चालू आहे. जड केंद्रके आदळल्यावर जुळतात कशी आणि फुटतात कशी, याचा अभ्यास तिथे होतो. आपल्या मुला-मुलींनी विज्ञान शाखा घेतली तर त्या दारापर्यंत जाणे अशक्य नाही.

वेगळ्या वाटा

केंद्रक तुटण्याचे मार्ग तीनच, असे नाही. काही केंद्रकांत प्रोटॉन इतके जास्त आणि न्यूट्रॉन इतके कमी असतात की प्रोटॉनच बाहेर गळून पडतो. जर्मनीत डार्मश्टाट येथे १९८१ च्या सुमारास ल्युटेशियम-१५१ मध्ये हे दिसले. २००२ मध्ये लोखंडाच्या एका अजब समस्थानिकातून, लोह-४५ मधून, एकदम दोन प्रोटॉन बाहेर पडताना आढळले.

त्याहून वेगळी गोष्ट १९८४ मधली. ऑक्सफर्डचे रोझ आणि जोन्स यांनी रेडियम-२२३ मधून अख्खे कार्बन-१४ चे केंद्रक बाहेर पडते, हे दाखवले. सुमारे एक अब्ज अल्फा कणांमागे एखादेच असे कार्बनचे केंद्रक. चार वर्षे आधी सांडुलेस्कू, पोएनारू आणि ग्रायनर यांनी असे होऊ शकेल, हे गणिताने सांगून ठेवले होते.

तेच रेडियम-२२३ आता औषध झाले आहे. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला तर ते शिरेतून देतात. अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. रेडियम कॅल्शियमसारखे वागते, म्हणून हाडाकडे जाते. तिथे त्याचा अल्फा कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही अंतर जात नाही. जवळच्या काही पेशींवर घाव घालून थांबतो. एकाने कुतूहलापोटी ज्या केंद्रकाचा हिशेब मांडला, ते दुसऱ्याच्या दुखण्यावर उतारा ठरले.

चिंचोक्यांचा तास

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात १२८ फोडलेले चिंचोके नेले. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी, एक तपकिरी. आपल्याकडे फाशांऐवजी तेच वापरतात. मुलांना सांगितले, सगळे उधळा, पांढरी बाजू वर आलेले उचलून बाजूला ठेवा, उरलेले पुन्हा उधळा.

पहिल्या फेरीत उरले ६१. मग ३३. मग १७, ८, ५, २. सातव्या फेरीत एक उरला आणि तो आणखी दोन फेऱ्या टिकला. मुलांनी विचारले, हाच का टिकला? त्याचे उत्तर नाही. कुठला चिंचोका कधी जाईल, हे कुणी सांगू शकत नाही. पण दर फेरीत साधारण निम्मे जातील, हे आधीच सांगता येते. केंद्रकांचेही असेच. ते म्हातारे होत नाही, थकत नाही. दहा वर्षांपूर्वीचे असो की कालचे, पुढच्या क्षणी तुटण्याची शक्यता सारखीच. पण कोट्यवधी केंद्रके एकत्र असली की निम्मी किती वेळात संपतील, हे अगदी नेमके ठरलेले असते. तेच अर्धायुष्य.

हा वेग आपण बदलू शकत नाही. भूमचा खवा आच वाढवली की लवकर आटतो. केंद्रकाला आच लागत नाही. उकळा, गोठवा, राखेने घासा, त्याची चाल तीच. घासून धुतल्याने पदार्थ भांड्यावरून निघून जातो, हे खरे. पण त्याचे घड्याळ मागे-पुढे होत नाही.

आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवस. ते बीटा कण आणि गॅमा किरण सोडते आणि झेनॉन नावाचा वायू बनते. तो झेनॉन किरणोत्सारी नाही. मुलीने फळ्यावर स्वतः मांडले. आठ दिवसांनी निम्मे, सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी आठवा भाग. ऐंशी दिवस म्हणजे दहा वेळा निम्मे. २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. हजारातील एक भागही उरत नाही. आणि हे तर शरीराने काहीच बाहेर टाकले नाही असे धरून. प्रत्यक्षात ग्रंथी काढलेल्या रुग्णाच्या शरीरातून आयोडीनचा मोठा भाग पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीवाटे निघून जातो.

घरासाठी दोन गोष्टी

आम्ही डॉक्टर नाही. पण शिक्षक म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली. आपल्याकडे ज्याला 'शेक देणे' म्हणतात, ते बाहेरून यंत्राने दिलेले किरण असतात. आपल्या भागातील अनेक रुग्ण त्यासाठी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात जातात. अशा यंत्रात कोबाल्ट-६० असो (त्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांच्या आसपास) किंवा विजेवर चालणारे त्वरक असो, किरणांचा स्रोत यंत्रातच राहतो. दिवा बंद केल्यावर अंगावर उजेड उरत नाही, तसेच हे. असा रुग्ण घरी आल्यावर पहिल्या क्षणापासून त्याच्या मांडीवर नातवाला बसवायला किरणांच्या बाबतीत काहीही हरकत नसते. या भीतीपायी कुणी उपचार टाळू नये. कर्करोग वाट पाहत नाही.

दुसरी. आयोडीनसारखे औषध पोटात दिले असेल तर काही दिवस रुग्णाच्या शरीरात ते खरोखर असते. थुंकीतून, घामातून, लघवीतून ते बाहेर येते. म्हणून त्या दिवसांत वेगळी भांडी, वेगळे अंथरूण, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर, संडासात जास्त पाणी टाकणे, हे सगळे पाळायलाच हवे. दादींनी पहिले दिवस जे केले ते बरोबरच होते. पण सावधगिरीला तारीख असते. ती तारीख मात्रेवर आणि रुग्णावर ठरते आणि इस्पितळाच्या कागदावर लिहिलेली असते. तो कागद सांभाळा, तारीख कुणाकडून तरी वाचून घ्या आणि दिनदर्शिकेवर खूण करा. समजले नाही तर इस्पितळात फोन करून विचारा. भीतीला अशी तारीख नसते. ती संपवावी लागते.

आणखी एक सांगतो. पूर्णपणे किरणोत्सारमुक्त असे माणसाचे शरीर नसतेच. बटाटा, केळी, डाळी यांतून आपल्या शरीरात पोटॅशियम येते आणि त्यातला अगदी थोडा अंश पोटॅशियम-४० असतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे चार हजार पोटॅशियमची केंद्रके तुटतात. जन्मापासून, सर्वांच्या.

कागदावरील तारीख

आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मुलीने वही आणली होती. इस्पितळाचा कागद कपाटातील पिशवीत, औषधांच्या जुन्या पावत्यांखाली सापडला. इंग्रजीत होता. सूचना होत्या आणि शेवटी मुलांपासून अंतर ठेवण्याची मुदत लिहिली होती. ती संपून दोन महिने होत आले होते. खात्री व्हावी म्हणून कागदावरील क्रमांकावर फोन लावला. तिकडून बाईंनी नाव विचारले, तारीख विचारली आणि म्हणाल्या, "अहो, मुदत केव्हाच संपली. मुलांना जवळ घेऊ दे."

फोन मोठ्या आवाजावर होता. दादींनी ऐकले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग आम्ही त्यांना पोटॅशियमची गोष्ट सांगितली. म्हणालो, "बडी अम्मा, दर सेकंदाला चार हजार तुमच्याही अंगात. मग तुमचीही खाट मागच्या खोलीत टाकायची का?" त्या हसल्या. "मास्तर, मेरेकू कौन बताया ये सब?" असे म्हणून उठल्या आणि वेगळे ठेवलेले ताट स्वतः उचलून सगळ्या भांड्यांत नेऊन ठेवले.

बाई मागच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. गळ्यावर शस्त्रक्रियेची बारीक रेघ. त्या काहीच बोलल्या नाहीत. धाकटा मुलगा नेहमीप्रमाणे दारापर्यंत आला आणि सवयीने थांबला. कुणीतरी मागे ओढेल म्हणून त्याने मान वळवून पाहिले. कुणी ओढले नाही.

आम्ही निघालो. त्या मुलीने वहीत १०२४ या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला होता. चाचणी परीक्षेत अर्धायुष्याचा प्रश्न एका गुणाचाच येईल. तो तिचा चुकणार नाही. पुढच्या वर्षी हा पाठ शिकवताना आम्ही व्याख्येच्या आधी मुलांना चिंचोके देणार आहोत.